संकरित एंजिन : शर्यतीच्या व रस्त्यावरील मोटारगाड्यांतील विकास

मोटारगाडीची चाके फिरविण्यासाठी अंतर्ज्वलन एंजिन आणि विद्युत् चलित्र (मोटर) अशी दोन भिन्न शक्तिसाधने एकत्र योजली असता त्या संयुक्त यंत्रणेस संकरित एंजिन म्हणतात. यांतील एंजिन पेट्रोलवर वा डीझेलवर चालते. चलित्राला लागणारी ऊर्जा गाडीतील विद्युत् घटमालेत (बॅटरीत), महाधारित्रात किंवा वेगाने फिरणाऱ्या प्रचक्रात साठविलेली असते. चाकांनी चलित्राला फिरविले म्हणजे ते जनित्राचे काम करते. त्यामुळे साध्या गतिरोधकात (ब्रेकमध्ये) घर्षणाने उष्णता होऊन वाया जाणाऱ्या गतिज ऊर्जेचा काही भाग विजेच्या रूपाने परत मिळविता येतो. एंजिन केवळ जनित्र फिरवीत असेल व चाके फक्त चलित्रानेच फिरत असतील, तर ती मांडणी एकसर होय. दोन्ही साधने चाकांना स्वतंत्रपणे शक्ती पुरवू शकत असतील, तर ती समांतर होय. आज प्रचारात असलेल्या अनेक गाड्यांत या दोन्ही मांडण्यांचा मिलाफ आढळतो.

शर्यत ही मोटारगाडीची प्रयोगशाळा असून तेथे सिद्ध झालेले तंत्र मग सामान्य गाड्यांत उतरते, असे मानण्याचा प्रघात आहे. गाड्यांचे उत्पादक शर्यतीवरील प्रचंड खर्चाचे समर्थन बहुधा याच युक्तिवादाने करतात. काही बाबतींत तो खराही आहे; १९५३ साली ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाड्यांनी चकती-गतिरोधकांच्या साहाय्याने विजय मिळविला आणि पुढे ते गतिरोधक सर्वत्र रूढ झाले. संकरित एंजिनाच्या बाबतीत मात्र क्रम उलटा आहे. हे तंत्र प्रथम रस्त्यावर आले, तेथे रुजले आणि त्यानंतर सु. बारा वर्षांनी फॉर्म्युला वन या सर्वोच्च दर्जाच्या शर्यतीत त्याला प्रवेश मिळाला. शर्यतीने या तंत्रात भर घातली ती निराळ्या अंगाने, आणि त्यातील किती भाग रस्त्यापर्यंत पोहोचला, हा वादाचा विषय ठरला आहे.

आरंभीचे प्रयत्न : विसाव्या शतकाच्या आरंभी वाफ, वीज व पेट्रोल या तिन्हींवर चालणाऱ्या गाड्या एकमेकींशी स्पर्धा करीत होत्या. व्हिएन्ना येथील लोनर या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात काम करणारे तरुण अभियंते फेर्डिनांट पोर्श (१८७५–१९५१) यांनी चाकांच्या तुंब्यांतच चलित्रे बसविलेली विद्युत् गाडी तयार केली व ती १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात मांडण्यात आली. तिच्यातील शिसे-अम्ल घटमालेचेच वजन सु. ४१० किग्रॅ. होते. हे वजन कमी करून गाडीचा पल्ला वाढविण्यासाठी त्यांनी त्याच सुमारास ‘सेम्पर व्हिव्हुस’ या गाडीत लहान घटमालेबरोबर पेट्रोल एंजिनांनी फिरणारी दोन जनित्रे बसविली. तिच्यावरून सुधारलेली ‘मिक्स्ट’ ही गाडी पुढे विक्रीसाठी तयार झाली. १९०२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या एक्सेलबर्ग येथील स्पर्धेत पोर्श यांनी स्वतः मिक्स्ट गाडी चालवून यश मिळविले. म्हणजे संकरित गाडी शर्यतीत उतरविण्याची कल्पना नवी नाही. तिच्यात मध्यंतरी जवळजवळ शतकाचा खंड पडला एवढेच.

बेल्जियममधील आंरी पीपर यांनी एंजिन व चलित्र एकाच दंडावर जोडण्याच्या समांतर मांडणीचे अमेरिकन एकस्व १९०९ मध्ये मिळविले. शिकागोच्या वुड्स कंपनीने १९१६ च्या सुमारास ‘ड्युअल पॉवर’ ही संकरित गाडी बाजारात आणली. कमी वेगात ती केवळ विजेवर चाले आणि तिचा कमाल वेग ताशी सु. ५६ किमी. होता. परंतु तोपर्यंत विजेच्या आरंभकामुळे (स्टार्टरमुळे) पेट्रोल एंजिन हाताने फिरवून सुरू करण्याचा त्रास संपला होता आणि फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीची किंमत सारखी उतरत होती. २,६५० डॉलर किंमतीच्या गुंतागुंतीच्या संकरित गाडीला गिऱ्हाईक मिळेना. पुढील पन्नास वर्षांत एंजिन-जनित्र-चलित्र ही योजना डीझेल-विद्युत् रेल्वे एंजिनांत व जहाजांत टिकून राहिली. मोटारगाडीतून ती लुप्त झाली.

हवेच्या प्रदूषणाच्या चिंतेने ती पुन्हा वर आली. अमेरिकेतील विद्युत् अभियंते व्हिक्टर वूक (१९१९–२००५, कादंबरीकार हर्मन वूक यांचे बंधू) यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९७२ सालच्या ब्यूइक स्कायलार्क गाडीत लहान वाँकेल एंजिन व चलित्र यांची समांतर जोडणी केली. स्वच्छ गाड्यांना उत्तेजन देण्याच्या शासकीय कार्यक्रमाखाली १९७४ मध्ये तिची चाचणी झाली. तिचे उत्सर्जन त्या काळच्या सामान्य गाडीच्या मानाने फारच कमी भरले. तरीही शासनाने हे काम पुढे नेले नाही. १९७३ च्या तेलसंकटाने इंधनाच्या काटकसरीचे महत्त्व सर्वांना पटविले होते, परंतु दोन शक्तिसाधनांची सांगड क्षणोक्षणी घालू शकणारी स्वस्त इलेक्ट्रॉनिकी आणि हलकी घटमाला या दोन्ही गोष्टी त्या वेळी उपलब्ध नव्हत्या.

रस्त्यावरील यश : जपानच्या टोयोटा कंपनीने १९९३ मध्ये एकविसाव्या शतकासाठी काटकसरी गाडी बनविण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याचे प्रमुख ताकेशी उचियामादा होते. आरंभी केवळ सुधारित साधे एंजिन वापरण्याचा विचार होता, परंतु वरिष्ठांनी इंधनबचतीचे उद्दिष्ट दुप्पट केल्यावर संकरित मांडणीवाचून पर्याय उरला नाही. १९९५ च्या अखेरीस तयार झालेली पहिली चाचणीची गाडी सु. सात आठवडे जागची हललीच नाही. आणि हलली तेव्हा काही शेकडा मीटर जाऊन थांबली. त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९९७ मध्ये, क्योटो येथे हवामान परिषद भरली असताना ‘प्रियस’ ही गाडी जपानमध्ये विक्रीस आली. मोठ्या संख्येने उत्पादन झालेली ही पहिली संकरित गाडी होय.

प्रियसमध्ये १.५ लिटरचे ४३ किवॉ. शक्तीचे एंजिन, ३० किवॉ.चे चलित्र, एक स्वतंत्र जनित्र आणि निकेल-धातु हायड्राइड घटमाला होती. एंजिन, जनित्र व चाके ही ग्रहमालिका दंतचक्रांच्या एका संचाने जोडलेली असल्यामुळे एंजिनाची शक्ती हवी तशी वाटता येई व नेहमीच्या दंतचक्रपेटीची गरज राहत नसे. एंजिनाचे कार्य इंग्रज अभियंते जेम्स ॲट्किन्सन यांनी १८८२ मध्ये सुचविलेल्या आवर्तनाशी मिळतेजुळते होते. यात वायूचे प्रसरण संपीडनापेक्षा अधिक होऊ दिले जाते. त्यामुळे कार्यक्षमता वाढते, पण शक्ती घटते. ही उणीव चलित्र भरून काढते. ॲट्किन्सन यांची कल्पना शतकभर अडगळीत पडली होती, ती विजेच्या जोडीमुळे उपयुक्त ठरली. संकरित तंत्राचे मर्म या उदाहरणातून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच दुसऱ्या कशातून होत असेल. होंडा कंपनीची अधिक साधी समांतर मांडणीची ‘इन्साइट’ गाडी १९९९ मध्ये आली. टोयोटाच्या संकरित गाड्यांची एकूण विक्री जानेवारी २०१७ अखेर एक कोटीच्या पुढे गेली.

भारतात टोयोटाने २०१३ पासून बिडदी (कर्नाटक) येथे ‘कॅम्री’ या संकरित गाडीची जुळणी सुरू केली. त्यापूर्वी २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्स व भारत फोर्ज या कंपन्यांनी वापरातील गाडीवर मागाहून बसविता येईल अशी ‘रेव्होलो’ ही संकरित जोडयंत्रणा जाहीर केली होती, परंतु मोटारगाड्यांत तिचा व्यापक प्रसार झाला नाही. मध्यम किंमतीच्या संकरित गाड्या भारतीय बाजारात २०२२ पासून दिसू लागल्या. गर्दीच्या शहरी रस्त्यांवर गाडीला वारंवार थांबावे लागते आणि अशा वेळीच या तंत्राचा लाभ सर्वाधिक असतो.

शर्यतीतील प्रवेश : आधुनिक काळात संकरित गाडी मोठ्या शर्यतीत प्रथम उतरविली ती अमेरिकेच्या पॅनोझ संघाने. ब्रिटनच्या झायटेक कंपनीच्या साहाय्याने बांधलेली त्यांची गाडी १९९८ मध्ये ल मांच्या शर्यतीसाठी पात्र ठरू शकली नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘पेती ल मां’ या शर्यतीत ती बारावी आली. घटमालेच्या वजनामुळे मिळणारा लाभ तोट्यात जातो, हे त्यातून दिसून आले. जुलै २००७ मध्ये जपानमधील तोकाची येथे २४ तासांची शर्यत टोयोटाच्या ‘सुप्रा’ संकरित गाडीने जिंकली. एवढ्या दीर्घ शर्यतीतील संकरित गाडीचा हा पहिलाच विजय होय. तिच्यात घटमालेऐवजी महाधारित्रे होती. ती वीज झपाट्याने घेतात व झपाट्याने देतात, मात्र फार साठवू शकत नाहीत; शर्यतीला याच गुणांची आवश्यकता असते.

फॉर्म्युला वनचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोटार संघाने (फिया) २००९ च्या हंगामापासून गतिज ऊर्जा पुनःप्राप्ती यंत्रणा, म्हणजेच ‘केर्स’, वापरण्यास मुभा दिली. संघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स मोझ्ली हे तिचे पुरस्कर्ते होते. मोटार शर्यत म्हणजे इंधनाची उधळपट्टी, हा आक्षेप खोडून काढणे व उत्पादकांना रस्त्यावरील गाड्यांशी संबंधित असे काही संशोधन करावयास लावणे, हा त्यामागील हेतू. परंतु मर्यादा फार कडक होत्या. चलित्राची शक्ती जास्तीत जास्त ६० किवॉ. आणि एका फेरीत वापरावयाची ऊर्जा जास्तीत जास्त ४ लक्ष जूल. म्हणजे चालकाला प्रत्येक फेरीत पावणेसात सेकंदांपेक्षाही कमी काळ सु. ८० अश्वशक्तीची जोड मिळे. ७०० किग्रॅ. वजनाच्या गाडीचा वेग ताशी ३०० किमी.वरून १०० किमी.वर आणताना तिची सु. २१.६ लक्ष जूल गतिज ऊर्जा खर्ची पडते आणि अशी वळणे एका फेरीत अनेक असतात. त्यांपैकी थोडी ऊर्जा हवेच्या रोधात जाते हे जमेस धरले, तरी पुनःप्राप्तीची अनुज्ञेय मर्यादा उपलब्ध ऊर्जेचा अल्पसा अंश होती हे उघड आहे.

या अल्प लाभाची किंमत मोठी होती. यंत्रणेचे वजन २५ ते ३५ किग्रॅ. असे. गाडीचे किमान वजन चालकासह ६०५ किग्रॅ. ठरलेले असून हलक्या गाडीत तोल साधण्यासाठी हव्या त्या जागी भार ठेवण्याची सोय असते. केर्समुळे ती सोय जवळजवळ नाहीशी झाली आणि उंच, वजनदार चालकांचे विशेष नुकसान झाले. उच्च विद्युत् दाब हा या खेळात नवाच धोका होता. जुलै २००८ मध्ये स्पेनमधील हेरेस येथील चाचणीत बीएमडब्ल्यू संघाच्या एका यांत्रिकाला थांबलेल्या गाडीला हात लावताच विजेचा धक्का बसला. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये रेड बुल संघाच्या कारखान्यात केर्सच्या घटमालेमुळे इमारत रिकामी करावी लागली. तेव्हापासून यांत्रिक विद्युत् निरोधक हातमोजे घालून गाडीजवळ जाऊ लागले आणि गाडी स्पर्शास सुरक्षित आहे की नाही हे दर्शविणारे दिवे अनिवार्य झाले.

२००९ मध्ये फेरारी, मक्लॅरेन, रेनॉ व बीएमडब्ल्यू या चारच संघांनी शर्यतीत केर्स वापरली. लुइस हॅमिल्टन यांनी २६ जुलै रोजी हंगेरीतील शर्यत मक्लॅरेन गाडीतून जिंकली, तो संकरित गाडीचा फॉर्म्युला वनमधील पहिला विजय. तथापि त्या हंगामाच्या १७ शर्यतींपैकी १४ शर्यती केर्स नसलेल्या ब्रॉन व रेड बुल या संघांच्या गाड्यांनी जिंकल्या. विजेतेपदही ब्रॉन संघालाच मिळाले. जगात सर्वाधिक संकरित गाड्या विकणाऱ्या टोयोटा कंपनीचा संघ त्या हंगामात केर्सविनाच धावला व हंगाम संपताच कंपनीने फॉर्म्युला वनमधून अंग काढून घेतले. रस्त्यावरील तंत्र आणि शर्यतीतील तंत्र यांच्यातील अंतर दाखविण्यास एवढे पुरे. २०१० मध्ये संघांनी आपापसांत ठरवून केर्स बाजूला ठेवली. २०११ मध्ये किमान वजन ६४० किग्रॅ.पर्यंत वाढविल्यावर ती परतली, आणि रेड बुल संघाने त्या हंगामातील ऑस्ट्रेलियाची पहिलीच शर्यत ती न वापरता जिंकली.

प्रचक्राची वाट : घटमालेला पर्याय म्हणून विल्यम्स संघाशी संलग्न असलेल्या एका कंपनीने विद्युत् प्रचक्र विकसित केले. चुंबकीय चूर्ण मिसळलेल्या तंतुमय संमिश्राचा बनविलेला घूर्णक निर्वातात मिनिटाला सु. ४०,००० फेऱ्यांपर्यंत फिरे व ऊर्जा साठवी. विल्यम्स संघाने ते स्वतःच्या फॉर्म्युला वन गाडीत शर्यतीसाठी कधीच वापरले नाही. परंतु पोर्श कंपनीने ते ‘९११ जीटी३ आर’ या गाडीत बसविले. मे २०१० मध्ये न्यूरबुर्गरिंग येथील २४ तासांच्या शर्यतीत ही गाडी दीर्घकाळ आघाडीवर होती. शेवटचे दोन तासही उरले नसताना तिला शर्यत सोडावी लागली. बिघाड प्रचक्रात नव्हता, पेट्रोल एंजिनात होता. २०१२ मध्ये आउडी कंपनीच्या डीझेल-संकरित गाडीने हेच प्रचक्र वापरून ल मांची शर्यत जिंकली. तेथे संकरित गाडी प्रथमच विजयी झाली.

पुढे २०१४ मध्ये ही प्रचक्र कंपनी जीकेएन या उद्योगसमूहाने विकत घेतली आणि यंत्रणा ब्रिटनमधील शहरी बसगाड्यांसाठी देऊ केली. दर थांब्याला थांबून पुन्हा निघणारी बस ही प्रचक्राला शर्यतीच्या गाडीइतकीच अनुकूल आहे. निव्वळ यांत्रिक प्रचक्राचा दुसरा एक प्रकार फॉर्म्युला वनमधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी बनविला होता. त्या जातीचे कार्बन तंतूंचे ६ किग्रॅ. वजनाचे, २० सेंमी. व्यासाचे प्रचक्र व्होल्व्हो कंपनीने एका गाडीत वापरून पाहिले व २०१३ मध्ये २५ टक्क्यांपर्यंत इंधनबचतीचा अंदाज जाहीर केला, परंतु उत्पादन केले नाही. लिथियम घटमालांची किंमत झपाट्याने उतरत असल्याने प्रचक्राची निकड उरली नव्हती.

२०१४ चे नियम : फॉर्म्युला वनच्या इतिहासात एंजिनाचे सर्वांत मोठे स्थित्यंतर २०१४ मध्ये झाले. २.४ लिटरची आठ सिलिंडरांची एंजिने जाऊन त्यांच्या जागी १.६ लिटरची सहा सिलिंडरांची टर्बोचार्जरयुक्त एंजिने आली. एका शर्यतीसाठी १०० किग्रॅ. इंधनाची मर्यादा पडली. पूर्वीच्या मानाने ही घट सु. एक तृतीयांश होती. याहूनही महत्त्वाचे म्हणजे इंधनाचा प्रवाह कोणत्याही क्षणी ताशी १०० किग्रॅ.पेक्षा अधिक होता कामा नये असे ठरले. या नियमाने स्पर्धेचे स्वरूपच पालटले. तोपर्यंत अधिक शक्तीसाठी एंजिन अधिक वेगाने फिरवून अधिक इंधन जाळले जाई. आता सर्वांना इंधन सारखेच मिळत असल्याने, जो त्यातून अधिक कार्य काढील तो पुढे, अशी स्थिती आली. ताशी १०० किग्रॅ. इंधनातून सु. १,२०० किवॉ. औष्णिक शक्ती उपलब्ध होते. कार्यक्षमतेतील प्रत्येक टक्क्याला १२ किवॉ. असा सरळ हिशेब होता.

चाकांशी जोडलेल्या चलित्राची शक्ती दुप्पट, म्हणजे १२० किवॉ., झाली व घटमालेतून एका फेरीत ४० लक्ष जूल ऊर्जा घेण्यास परवानगी मिळाली. म्हणजे जोडशक्ती सु. ३३ सेकंद वापरता येऊ लागली. खरे नावीन्य मात्र टर्बोचार्जरच्या दंडावर बसविलेल्या दुसऱ्या चलित्र-जनित्रात होते. इंधनातील ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तप्त निष्कास वायूंबरोबर वाया जातो. हे वायू टरबाइन फिरवितात, टरबाइन हवेचा संपीडक फिरविते आणि संपीडकाला लागून उरलेली शक्ती हे जनित्र विजेत रूपांतरित करते. उलटपक्षी, चालकाने वळणानंतर शक्ती मागितली असता हेच यंत्र चलित्र होऊन संपीडकाला तत्काळ गती देते व टर्बोचार्जरच्या प्रतिसादातील विलंब नाहीसा होतो. त्याच्या वेगाची मर्यादा मिनिटाला १,२५,००० फेरे होती. घटमालेतून चलित्राला देण्याच्या ऊर्जेवर मर्यादा असली, तरी निष्कास जनित्रातून चाकांच्या चलित्राकडे थेट जाणाऱ्या ऊर्जेवर ती नव्हती.

हा मुद्दा मर्सिडीज कंपनीच्या ब्रिक्सवर्थ (इंग्लंड) येथील अभियंत्यांनी सर्वांत आधी हेरला. त्यांनी संपीडक एंजिनाच्या पुढे, टरबाइन मागे व जनित्र दोहोंमधील दंडावर अशी मांडणी केली. त्यामुळे संपीडित हवा टरबाइनच्या उष्णतेपासून दूर राहिली. २०१४ च्या १९ शर्यतींपैकी १६ मर्सिडीज संघाने जिंकल्या आणि पुढील अनेक वर्षे हे वर्चस्व टिकले. सप्टेंबर २०१७ मध्ये या एंजिनाने चाचणी-मंचावर ५० टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता गाठल्याचे कंपनीने जाहीर केले. म्हणजे वाया जाणाऱ्या ऊर्जेपेक्षा उपयोगात येणारी ऊर्जा अधिक झाली. २०१३ पर्यंतच्या एंजिनांची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास होती. एवढ्या लहान पेट्रोल एंजिनाच्या संदर्भात ही कामगिरी असामान्य आहे. शर्यत पाहणाऱ्यांना मात्र तिचे कौतुक वाटले नाही. जुन्या एंजिनांचा कर्णभेदक आवाज गेला, ही त्यांची तक्रार बराच काळ चालू होती.

निष्कास जनित्र किती अवघड आहे याचा अनुभव होंडा कंपनीने घेतला. २०१५ मध्ये मक्लॅरेन संघाबरोबर ती परतली, तेव्हा लांब सरळ मार्गावर तिच्या गाडीतील साठविलेली ऊर्जा मध्येच संपे. २०१७ मध्ये मांडणी बदलूनही एंजिने वारंवार नादुरुस्त होत राहिली व वर्षाअखेर मक्लॅरेनने संबंध तोडले. अतिवेगाने फिरणाऱ्या लांब दंडाची कंपने हे दुखण्याचे एक मूळ होते. होंडाच्याच विमान-एंजिन विभागातील तज्ञांना वायु-टरबाइनांच्या दंडांचा अनुभव होता. त्यांच्या मदतीने २०१८ मध्ये हा दोष दूर झाला. २०१९ मध्ये होंडाचे एंजिन पुन्हा विजयी झाले आणि २०२१ मध्ये माक्स फेर्स्टाप्पेन यांनी त्याच्या बळावर चालकांचे विजेतेपद मिळविले. कंपनीने मात्र २०२० च्या ऑक्टोबरमध्येच फॉर्म्युला वन सोडत असल्याचे घोषित केले होते. कार्बनमुक्त वाहनांच्या संशोधनाकडे मनुष्यबळ वळविण्याचे कारण तिने दिले.

शर्यतीतून रस्त्याकडे : या खटाटोपातून सामान्य गाडीला काय मिळाले? २०१३ च्या सुमारास फेरारी, मक्लॅरेन व पोर्श यांच्या अतिशीघ्र संकरित गाड्या आल्या, परंतु त्या प्रत्येकी काहीशेच बनल्या. मर्सिडीजने तर फॉर्म्युला वनचे एंजिनच रस्त्यावरील ‘एएमजी वन’ गाडीत बसविण्याचा संकल्प २०१७ मध्ये सोडला. शर्यतीत हे एंजिन रिकामे फिरतानाही मिनिटाला सु. ५,००० फेरे घेते. उत्सर्जनाचे नियम पाळण्यासाठी तो वेग १,२०० च्या आसपास आणणे भाग होते. त्या खटपटीत पाच वर्षे गेली व २०२२ मध्ये गाडीचे उत्पादन सुरू झाले. ठरविलेली संख्या होती केवळ २७५.

अप्रत्यक्ष लाभ अधिक खरे आहेत. पोर्शच्या ‘९१९’ या संकरित गाडीने २०१५ ते २०१७ अशी तीन वर्षे ल मांची शर्यत जिंकली. तिच्यातील ८०० व्होल्टच्या विद्युत् यंत्रणेचा अनुभव कंपनीने २०१९ मध्ये आलेल्या ‘टायकान’ या विद्युत् गाडीत उपयोगात आणला. मर्सिडीजने २०२२ मध्ये ‘एसएल ४३’ या गाडीत टर्बोचार्जरच्या दंडावर ४८ व्होल्टचे लहान चलित्र बसविले. रेनॉ कंपनीच्या २०२० पासूनच्या लहान संकरित गाड्यांत शर्यतीच्या गाड्यांप्रमाणे घर्षण-क्लच नसलेली दातेरी जोडणीची दंतचक्रपेटी आहे. कंपनी तिचे नाते आपल्या फॉर्म्युला वन अनुभवाशी जोडते. तिचा पहिला नमुना मात्र निकोला फ्रेमो या अभियंत्याने घरी मुलांच्या लेगो खेळण्याच्या तुकड्यांतून जुळविला होता, हेही नमूद केले पाहिजे.

खर्चाचा प्रश्न सर्वत्र बिकट ठरला. ल मांच्या वरिष्ठ संकरित गटातून आउडीने २०१६ अखेर व पोर्शने २०१७ अखेर माघार घेतली. जागतिक रॅली स्पर्धेत २०२२ मध्ये सर्वांना सारखी, १०० किवॉ.ची संकरित यंत्रणा सक्तीची करण्यात आली व तीन हंगामांनंतर ती काढून टाकण्यात आली. याउलट अमेरिकेतील इंडिकार मालिकेने जुलै २०२४ पासून महाधारित्रांवर आधारलेली साधी यंत्रणा स्वीकारली.

फॉर्म्युला वनमध्ये नव्या उत्पादकांना निष्कास जनित्राची धास्ती वाटत होती. ते महाग, गुंतागुंतीचे आणि रस्त्यावरील गाड्यांशी असंबद्ध आहे, असा त्यांचा आक्षेप. ऑगस्ट २०२२ मध्ये संमत झालेल्या नियमांनुसार २०२६ च्या हंगामापासून ते वगळण्यात आले, चाकांशी जोडलेल्या चलित्राची शक्ती १२० वरून ३५० किवॉ.पर्यंत वाढविण्यात आली, जीवाश्मजन्य नसलेले इंधन अनिवार्य झाले आणि एंजिन व चलित्र यांचा वाटा जवळजवळ समान करण्याचे धोरण ठरले. याच नियमांच्या भरवशावर आउडीने पदार्पणाचा निर्णय घेतला, फोर्डने रेड बुलशी हातमिळवणी केली व होंडाने माघारीचा विचार बदलला. उलट रेनॉने २०२५ नंतर एंजिने न बनविण्याचे ठरविले. पोर्शनेही या नियमांच्या चर्चेत भाग घेतला होता, पण रेड बुलबरोबरची तिची बोलणी सप्टेंबर २०२२ मध्ये फिसकटली व ती स्पर्धेत उतरली नाही. मे २०२४ मध्ये त्याच कंपनीने ‘९११ कारेरा जीटीएस’ ही नवी गाडी विक्रीसाठी सादर केली. तिच्या टर्बोचार्जरमध्ये टरबाइन व संपीडक यांच्या मधोमध एक चलित्र-जनित्र असून ते निष्कास वायूंच्या ऊर्जेतून ११ किवॉ.पर्यंत वीज निर्माण करते.